फोडणीच्या वेळी बंद पडणारा गिझर

डिसेंबरात, पुण्याची सकाळ खरोखर बोचायला लागते नेमकी तेव्हा, आमच्या गॅस गिझरनं नवी खोड काढली. पाणी व्यवस्थित तापायचं, चार-पाच मिनिटं शॉवर छान चालायचा, आणि मग ड्राय बाल्कनीतून 'टक' असा आवाज यायचा. ज्योत गेली. डिस्प्लेवर तापमानाच्या जागी 'ई' आणि पुढे एक आकडा. बाथरूममध्ये जो असेल त्याची आरडाओरड. दहा-पंधरा मिनिटांनी नळ सोडला की गिझर काही झालंच नाही अशा थाटात परत पेटायचा.

घरातल्या सगळ्या यंत्रांच्या पुस्तिका मी एका पिशवीत ठेवते, आणि त्यावरून नवरा मला हसतो. या वेळी हसला नाही, कारण डोक्याला शाम्पू लावलेला तोच होता. पुस्तिकेत त्या आकड्यासमोर 'फ्लू टेम्परेचर' एवढंच लिहिलं होतं आणि उपाय म्हणून 'सेवा केंद्राशी संपर्क साधा'. म्हणजे धुराच्या नळीच्या तापमानाचं काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय, ते नाही.

आमचं घर कर्वेनगरला, चौथ्या मजल्यावर. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी, तिथे वॉशिंग मशीन आणि वर भिंतीवर हा सहा लिटरचा गिझर. पाइपचा गॅस आहे, त्यामुळे सिलिंडरची भानगड नाही. गिझरच्या डोक्यावरून चार इंची ॲल्युमिनियमची नळी निघते आणि भिंतीतल्या भोकातून बाहेर जाते. दिवाळीच्या आधी बाल्कनीला स्लायडिंगच्या काचा बसवून घेतल्या होत्या. कबुतरं आणि धूळ, दुसरं काय.

गिझर बंद पडला की पुण्यात कोणीही पहिला सल्ला देतो तो सेल बदलण्याचा. तोही वाईट नसतो. हे दोन जाडे सेल नुसती ठिणगी पाडत नाहीत, गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरायलाही वीज तेच देतात, त्यामुळे सेल उतरले की ज्योत मध्येच जाऊ शकते. बदलले. फरक पडला नाही.

मग कोपऱ्यावरच्या दुकानातला मेकॅनिक आला. तरुण मुलगा, हात सफाईचा. कव्हर काढून पाच मिनिटांत त्यानं नेमकी जागा दाखवली. गिझरच्या वरच्या भागात एक उघडं टोपण असतं, तिथून धूर नळीत शिरतो. त्या टोपणाच्या काठाला एक रुपयाच्या नाण्याएवढी चकती स्क्रूनं बसवलेली, तिला दोन वायरी.

"वहिनी, ही चकती फार कटकट करते. सगळ्यांकडे हेच. डायरेक्ट करून टाकू का? पुन्हा बंद पडणार नाही." चकती वगळून जोडणी थेट करायला वायरीचा सोललेला तुकडा त्याच्या हातात तयारच होता.

मी नको म्हटलं. त्याला जरा वाईट वाटलं असावं, कारण तो मला फुकट आणि कायमचा उपाय देत होता. पण दर हिवाळ्यात पेपरात एक तरी बातमी असतेच: बाथरूमचं दार आतून बंद, गॅस गिझर चालू, आणि दार फोडल्यावर आत माणूस गेलेला. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. गळणाऱ्या गॅसचा जो घाण वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो, पण गॅस जळून झालेल्या धुराला तो वास उरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि उठून खिडकी उघडावी एवढं सुचायच्या आत पायांतलं बळ जातं. ती चकती गॅस तोडत होती म्हणजे तिला काहीतरी जाणवत होतं. काय जाणवतंय ते कळल्याशिवाय तिचं तोंड बंद करायला माझी तयारी नव्हती.

"मग नवी टाकतो," तो म्हणाला. नवी टाकली, आणि जाता जाता गॅसची मूठही थोडी कमी करून गेला. धूर जास्त तापतोय, तर आच कमी करा, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या दिवशी पाणी कोमट आलं आणि गिझर तरीही बंद पडला, फक्त दोन मिनिटं उशिरा.

जुनी चकती मी मागून घेतली होती. नवऱ्याचा मल्टिमीटर घरात आहे. चकती छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, वायरी बाहेर ठेवल्या आणि पिशवी चहाच्या पातेल्यातल्या पाण्यात सोडून खाली गॅस लावला. थंड असताना मीटर बीप करत होता, म्हणजे जोडणी चालू. पाणी चांगलं कढत झाल्यावर आतून बारीक 'टक' आला आणि बीप थांबला. बाहेर काढून ठेवली, काही मिनिटांत पुन्हा टक, पुन्हा बीप. आत दोन धातूंची पत्री असते. तापली की ती उलटी वाकते आणि जोडणी तोडते, निवली की पूर्ववत होते. दहा-पंधरा मिनिटांनी गिझर परत का पेटायचा, ते यातून उलगडलं. जुनी चकती ठणठणीत होती. नवीही.

मग सेवा केंद्राचा माणूस बोलावला. तो पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं बर्नर उतरवला, आणि बर्नरच्या तोंडाशी वॉशिंग मशीनमधल्या कपड्यांचा पिंजलेला दोरा-कचरा मूठभर निघाला. वरच्या तांब्याच्या पात्यांमध्ये थोडी काजळी होती, ती ब्रशनं झाडली. पाती अशी भरली की धुराला वर जायला वाट कमी पडते आणि तो बाजूनं सांडतो, असं तो म्हणाला. मूठ परत होती तिथे आणली. ज्योत स्वच्छ निळी झाली.

जाताना मी त्याला विचारलं, की धूर किती तापला की ही चकती तुटते? तो म्हणाला, "मॅडम, धूर तापतोच. नळीतला धूर शंभराच्या वरही असतो, त्याचं काही नाही. ही चकती नळीत नाहीये, टोपणाच्या काठावर आहे. तिथून खोलीतली गार हवा आत ओढली जायला पाहिजे. धूर उलटा बाहेर आला तरच ही तापते."

हे वाक्य मी कागदावर लिहून फ्रिजला लावावं इतकं मोलाचं होतं. पुस्तिकेतल्या दोन शब्दांमुळे आम्ही सगळे धूर किती गरम आहे याच्यामागे लागलो होतो. प्रश्न होता तो जातोय कुठे याचा.

साफसफाईनंतर सलग काही दिवस बरे गेले आणि पुन्हा टक.

वरच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांच्याकडे तोच गिझर, तेच मॉडेल, आमच्याच महिन्यात घेतलेला. "आमचा बघ, एकदासुद्धा बंद पडला नाही. तुमचा पीसच खराब लागलाय." घरात या मताला बहुमत मिळालं. सासूबाईंचं निराळं मत होतं. वाड्यात असताना तांब्याचा बंब होता, धूर कोंडला की त्या मोरीचं दार उघडायच्या, विषय संपला. "तुम्ही घर फार गच्च केलंत," त्या म्हणाल्या. मी तेव्हा त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण घराविषयीचं त्यांचं हे मत आम्ही फ्लॅटमध्ये आलो तेव्हापासूनचं आहे.

मी एक साधं काम केलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचे खाडे लिहितो तिथेच, गिझर बंद पडला की फुली आणि वेळ लिहायची. महिनाअखेरीला फुल्या बघितल्या तर एक सोडून सगळ्या सकाळच्या साडेसहा ते साडेसातमधल्या, आणि जवळजवळ सगळ्या सोमवार ते शनिवार. रविवार कोरे. एकाच रविवारी फुली होती, दुपारी बाराची. त्या दिवशी नणंद जेवायला होती.

साडेसहा ते साडेसात आमच्याकडे काय होतं? डबे. रविवारी डबे नसतात, सगळ्यांच्या अंघोळी आधी होतात आणि स्वयंपाक नंतर. नणंद आली त्या रविवारी आम्ही पुऱ्या तळत होतो आणि मुलगा क्रिकेट खेळून येऊन उशिरा अंघोळीला गेला होता. फोडणी किंवा तळण म्हटलं की आमच्याकडे ओट्यावरची, धूर बाहेर फेकणारी चिमणी तीन नंबरच्या वेगावर असते.

इथे थोडं गणित करावं लागलं. बाल्कनी आठ फूट लांब, चार फूट रुंद, नऊ फूट उंच. म्हणजे २८८ घनफूट, साधारण ८ घनमीटर हवा. चिमणीच्या खोक्यावर तासाला १२०० घनमीटर हवा ओढते असं छापलंय. ते कागदावरचं झालं. पाइपाची वळणं, जाळीतलं तेल धरून निम्मं समजू. तरी मिनिटाला १० घनमीटर झाले. म्हणजे बाल्कनीतली सगळी हवा ती एका मिनिटाच्या आत खाऊन टाकते. उलट एक घनमीटर गॅस जाळायला जेमतेम १० घनमीटर हवा लागते, आणि एवढा गिझर पूर्ण आचेवर तासभर चालला तर सव्वा घनमीटरच्या आसपास गॅस खातो. गिझरला तासाभरात लागते तेवढी हवा चिमणी मिनिटा-सव्वा मिनिटात बाहेर फेकते.

ही बाहेर फेकलेली हवा कुठून तरी आत यायला हवी. हिवाळ्यात आमच्या खिडक्या बंद, बेडरूमची दारं बंद, बाल्कनीला नव्या काचा. पूर्वी बाल्कनी उघडी होती तेव्हा हवा तिथून यायची. आता बाल्कनीचं दार उघडं ठेवून आम्ही पोळ्या करत होतो आणि चिमणीला हवा मिळण्याचा सगळ्यात सोपा रस्ता उरला होता तो म्हणजे ती चार इंची धुराची नळी. बाहेरची हवा नळीतून उलटी खाली येत होती, धुराला घेऊन. तो टोपणाच्या काठावरून सांडत होता, आणि चकती इमानदारीत गॅस तोडत होती.

हे सगळं डोक्यात जुळलं तरी डोळ्यांनी बघायचं होतं. त्याआधी कार्बन मोनॉक्साइड मोजणारा मीटर आणायचा होता. तपकीर गल्लीत गेले तर दोन दुकानांत मला गॅसगळतीचा अलार्म दाखवला. तो वेगळा. तो न जळलेला गॅस ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. "एकच असतं ताई," असं एका दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं. एकच नसतं. शेवटी आकडा दाखवणारा मीटर ऑनलाइन मागवला. यातही एक बारकावा आहे. युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेला अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) लगेच ओरडत नाही, तास-दीड तासाच्या दरम्यान ओरडतो. १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. म्हणून नुसता भोंगा असलेला घेण्यापेक्षा आकडा दिसणारा बरा.

रविवारी सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर प्रयोग केला. सासूबाईंकडून उदबत्ती घेतली. बाथरूममधला नळ सोडला, बाल्कनीच्या काचा बंद, स्वयंपाकघराकडचं दार उघडं, चिमणी बंद. नळी तापेपर्यंत मिनिटभर थांबले आणि उदबत्ती टोपणाच्या काठाशी धरली. धुराची रेघ सरळ आत वळली. मीटरवर शून्य. मग नवऱ्याला चिमणी तीनवर लावायला सांगितलं.

रेघ आधी थरथरली, मग जागीच घुटमळली आणि मग माझ्या तोंडावर आली. चष्म्यावर वाफ धरली. ते पाणी गॅस जळताना तयार होतं, ते धुराबरोबर बाहेर पडत होतं. थोड्याच वेळात टक. डिस्प्लेवर आमचा ओळखीचा 'ई'. मीटर तिशीत जाऊन थांबला होता. नवऱ्यानं काच सरकवली, चिमणी बंद केली आणि सासूबाई दारातून म्हणाल्या, "झालं का? मग उदबत्ती देवापुढे आण."

तिशी हा आकडा फार नाही, आणि तो फार नव्हता याचं श्रेय त्या कमी बोलणाऱ्या माणसाच्या ब्रशला. ज्योत स्वच्छ असली की धुरात कार्बन मोनॉक्साइड थोडाच असतो, बाकी हवेतला नायट्रोजन, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. पण चकतीनं गॅस तोडला नसता तर गिझर आपलाच धूर परत परत ओढत राहिला असता. हवेतला ऑक्सिजन जसजसा घटतो तसतशी तीच निळी ज्योत बिघडते, आणि आकडा मग तिशीत राहत नाही.

ज्यांच्याकडे चिमणीला बाहेर जाणारा पाइप नाही, नुसती गाळून हवा परत घरात सोडणारी आहे, त्यांच्याकडे ही भानगड होणार नाही. ती हवा बाहेर काढतच नाही. वाचताना हेही कळलं की जर्मनीत घरात उघड्या टोपणाचा गॅस हीटर आणि बाहेर हवा फेकणारी चिमणी दोन्ही असतील तर खिडकीला स्विच लावतात, खिडकी उघडल्याशिवाय चिमणी चालूच होत नाही. आपल्याकडे चिमणी बसवणारा, गिझर बसवणारा आणि स्लायडिंगवाला ही तीन वेगळी माणसं असतात आणि तिघांची गाठ कधी पडत नाही.

दुरुस्ती म्हणाल तर सेवा केंद्राच्या माणसाला परत बोलावलं आणि उदबत्ती दाखवली. त्यानं नळीकडे बघून मान हलवली. टोपणातून निघाल्या निघाल्या तिला काटकोनात वळण होतं आणि पुढे ती भोकापर्यंत किंचित खाली झुकत गेली होती. धूर गरम म्हणून वर चढतो, त्याला आधी सरळ उभी वाट लागते, निदान दोन फूट. भिंतीतलं भोक होतं तिथेच ठेवायचं तर गिझर खाली घ्यावा लागणार होता. घेतला. टाइल्सना जुनी भोकं दिसतात, तिथे आता कपड्यांच्या चिमट्यांची टोपली लटकवलीय. नळी दोन फूट सरळ वर, मग वळण, मग बाहेरच्या बाजूला हलका चढ, आणि टोकाला टोपी. गॅसची जोडणी त्यानं साबणाच्या पाण्यानं तपासली. हे काम घरच्या घरी करायचं नाही. उदबत्ती धरणं आपलं, पाना धरणं त्याचं.

स्लायडिंगवाल्याला पटवणं जास्त जड गेलं. एक काच काढून तिथे ॲल्युमिनियमच्या कायम उघड्या पट्ट्या बसव म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, मग धूळ येणार. काचा लावल्या कशाला?" आतून डासांची बारीक जाळी तरी लावतो म्हणाला. तीही नको, कारण वॉशिंग मशीनचा दोरा-कचरा तिच्यात अडकून महिन्या-दोन महिन्यांत ती गच्च होणार. कबुतर शिरणार नाही एवढ्याच भोकांची जाळी घेतली. शिवाय चिमणी चालू असताना ओट्यासमोरची खिडकी उघडी, हा घरातला नियम. चिमणीला तिथून हवा मिळते, मग ती बाल्कनीकडे बघत नाही.

पुन्हा सगळं चालू करून उदबत्ती धरली. चिमणी तीनवर, गिझर पूर्ण आचेवर, रेघ आत. फुल्या बंद झाल्या.

राहिला काकूंचा गिझर. आमच्याच मापाची बाल्कनी, त्यांनीही काचा बसवलेल्या, चिमणी आमच्यापेक्षा मोठी, आणि तरी एकदासुद्धा बंद पडला नाही? मी मीटर आणि उदबत्ती घेऊन वर गेले. काका आधी जरा नाराज झाले, चांगल्या चाललेल्या वस्तूला हात कशाला. कव्हरच्या फटीतून टॉर्च मारला तर चकती जागेवर होती, पण तिच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पीळ घालून काळी टेप गुंडाळलेली. कोणी कधी जोडल्या ते दोघांनाही आठवेना. कुठल्यातरी सर्व्हिसिंगला, एवढंच.

उदबत्तीचा धूर थेट खोलीत. ज्योतीची टोकं पिवळी. मीटरनं साठ कधी ओलांडले ते कळलंही नाही. मी नळ बंद करायला सांगितला आणि काच उघडली. काकू काही बोलल्या नाहीत. सकाळी डोकं दुखतं म्हणून त्या गोळी घेतात हे मला माहीत होतं, पण त्याचं कारण हेच असं ठरवायला मी डॉक्टर नाही, त्यामुळे मी तेवढंच सांगितलं की डॉक्टरांना ही गोष्ट जरूर सांगा.

सेवा केंद्राच्या त्याच माणसानं दुसऱ्या दिवशी वायरी सोडवून चकतीला परत जोडल्या आणि बर्नर साफ केला. तेव्हापासून काकांचा गिझर रोज सकाळी फोडणीच्या वेळी बंद पडायला लागला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते भेटेल त्याला सांगतात, की चांगला चालणारा गिझर मेकॅनिकनं बिघडवून ठेवला. त्यांच्या स्लायडिंगवाल्यानं पुढच्या गुरुवारची वेळ दिली आहे. तोवर त्यांच्याकडे शेगडीवर पातेलं ठेवून बादलीनं अंघोळी चालू आहेत.